राक्षसभुवनचा पुरावा

उमापूरच्या विद्यार्थ्याला तालुक्याच्या इतिहासावर प्रकल्प करायचा असेल तर विषय हाताशीच आहे. गोदाकाठचं राक्षसभुवन त्याच्याच गेवराई तालुक्यात येतं. शनीच्या दर्शनाला तो घरच्यांबरोबर तिथं कधीतरी जाऊन आलेला असतो. १० ऑगस्ट १७६३ रोजी इथं अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा धुव्वा उडवला. निजाम बऱ्याचशा फौजेनिशी नदीपलीकडं गेला होता; अलीकडं मागं राहिलेला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. पण हे कशावरून, असं मास्तरांनी विचारलं की खरी पंचाईत.

ही पंचाईत फार जुनी आहे. लढाई झाली गेवराईच्या मातीत आणि तिचे कागद गेले पुण्याला. पेशवे दप्तरातले निवडक कागद रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले, मोडीतला मजकूर बालबोधीत आला. त्याआधी १८९८ पासून वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढायला सुरुवात केली होती, तीही पुण्या-साताऱ्याच्या बाजूला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. इथल्या हुशार मुलानं शिकायचं तर हैदराबाद गाठायचं, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषा उर्दू. म्हणजे पेशव्यांची बाजू मोडीत, निजामाची फारसीत, शिक्षण उर्दूत आणि घरी बोलणं मराठी. साधनं निवडायचा प्रश्नच नव्हता. जे वाचता येईल तेच साधन.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं आणि चित्र पालटलं, तेही हळूहळू. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचं महाविद्यालय औरंगाबादेत सुरू झालं, तेच पुढं मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. आता पुस्तकासाठी हैदराबाद किंवा पुणं नको, एसटीनं औरंगाबाद पुरे. ग्रंथालयात लाकडी खणांची कपाटं असत. खण ओढायचा, दोऱ्यात ओवल्यासारखी सळईत अडकवलेली कार्डं बोटानं पुढं ढकलत जायचं, वर्गांक चिठ्ठीवर उतरवायचा आणि चिठ्ठी खिडकीत द्यायची. पुस्तक मिळालं तर दिवसभर वहीत उतरवून घ्यायचं, कारण संध्याकाळची गाडी चुकली की मुक्काम. झेरॉक्स आलं तेव्हा हाताचं दुखणं थांबलं. उतरवताना होणारं वाचनही थांबलं, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

खेड्यात तोवर वेगळंच घडत होतं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि सरकारी अनुदान मिळालं. ‘ड’ वर्गाच्या खोलीत वर्तमानपत्रं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि कादंबऱ्या. त्यांत हमखास रणजित देसाईंची ‘स्वामी’. १९६२ ची ही कादंबरी माधवरावांवरच. १९६४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुढं दूरदर्शनवर मालिकाही झाली. माधवराव म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढं जे उभं राहतं, ते पुष्कळसं देसाईंचं आहे. कादंबरी म्हणून ती सुंदरच. पण लढाईच्या वर्णनाला आधार म्हणून तिचं पान टाकलं की प्रकल्प घसरला.

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आज तो मोबाइलवर उघडतो. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर मिळतात, जुनी पुस्तकं स्कॅन होऊन आली आहेत. उमापुरात बसून पुण्याचं कपाट उघडता येतं, आणि त्याच पडद्यावर कुणीतरी कुणाचंतरी उचललेलं, साल चुकलेलं वर्णनही तितक्याच थाटात समोर येतं.

शोधण्यातही एक गंमत आहे. जिल्ह्याचं सरकारी इंग्रजी गॅझेटिअर १९६९ चं. त्यात बीड ‘बी-एच-आय-आर’ असं छापलंय. आजच्या स्पेलिंगनं शोधणाऱ्याला ते सापडत नाही. स्पेलिंग बदललं की आख्खा ग्रंथ समोर. हे कुणी सांगितलं नाही तर पोरगं म्हणणार, आमच्या जिल्ह्यावर काहीच लिहिलेलं नाही.

गॅझेटिअरवरून मूळ पत्रांकडं वळलं, की बालबोधीत छापलेलं असूनही पहिलीच अडचण तारखेची. त्या वर्षीच्या कागदावर १७६३ हा आकडा नसतो. तिथं सुहूर सन असतो, अरबी शब्दांत: अर्बा सितैन मया व अलफ. अर्बा म्हणजे चार, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६४. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचं पत्र असेल तर त्यात ५९९ मिळवायचे.