बग थेरपिस्टसमोर आला तरच सुटतो

एपिसोड २३ : लेखी रूप

मी वर्ध्याचा, पोटापाण्यासाठी कोड लिहिणारा. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. आजचा विषय थोडा जड आहे, पण सोबत राहा.

कॉलेजात माझा एक रूम पार्टनर होता. सोमवारी म्हणायचा, "तू माझा सख्खा भाऊ आहे." बुधवारी मी फोन उचलला नाही की, "तूही तसाच निघाला!" आणि ब्लॉक. रात्री पुन्हा तीस मिस्ड कॉल. स्वतःला इजाही करून घ्यायचा. आम्ही म्हणायचो, "नाटक करते बे." शेवटी मी रूमच बदलली. खूप वर्षांनी त्यानेच सांगितलं की डॉक्टरांनी या त्रासाला नाव दिलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. हा एपिसोड त्याला विचारूनच करतोय.

हे नाटक नसतं, मग असतं काय?

'आपल्याला सोडून जातील' ही भीती सतत असते. माणसं एकतर देव, नाहीतर राक्षस. मधलं काही नाही. राग भडकतो, आत रिकामं वाटतं, आणि आपण नेमके कोण हेच पक्कं नसतं. यातल्या एखाद-दुसऱ्या गोष्टीवरून स्वतःला किंवा एक्सला लेबल लावू नका. निदान डॉक्टरच करतात. सोबत नैराश्य वगैरे असेल तर औषधांचा उपयोग होतो, पण मूळ आजारावर मुख्य उपचार म्हणजे थेरपी, बोलण्यातून होणारा.

थेरपीत होतं काय?

टेस्टरने बग टाकला की आपण म्हणतो, "माझ्या मशीनवर तर येत नाही." आणि जो बग समोर येत नाही, तो सुटत नाही. मनोविश्लेषणातून आलेल्या थेरपीची खुबी हीच आहे. इथे बग थेरपिस्टच्या खोलीत येतो.

समजा थेरपिस्टने सांगितलं, "दिवाळीत एक आठवडा मी नाही." पुढच्या वेळी पेशंट चिडलेला, "तुम्हालाही माझा कंटाळा आला ना?" घरी इथेच भांडण पेटतं. थेरपिस्ट वाद घालत नाही, नुसती समजूतही काढत नाही. म्हणतो, "सुट्टीचं सांगितलं आणि मी एकदम परका झालो, असं झालं का? बघू या." जुनी भीती नव्या माणसावर येऊन बसते, याला ट्रान्सफरन्स म्हणतात. हे पन्नास वेळा घडतं, पन्नास वेळा बोललं जातं. मग हळूहळू उमगतं की माणूस आपलाही असू शकतो आणि सुट्टीवरही जाऊ शकतो.

व्हिएन्नात १९२८ साली जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले ऑटो केर्नबर्ग यांनी याच पायावर एक पद्धत बांधली. आठवड्यातून दोन सेशन, आणि जीव धोक्यात आला तर कोणी काय करायचं हे आधीच ठरलेलं.

लंडनमध्ये बेटमन आणि फोनागी यांनी दुसरी वाट काढली, मेंटलायझेशन. म्हणजे समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घ्यायचा, आणि तो अंदाजच आहे हे विसरायचं नाही. ब्लू टिक आली, रिप्लाय नाही. 'मी नकोसा झालोय' हा निकाल नाही, एक शक्यता आहे. बस, हेच पुन्हा पुन्हा शिकायचं.

फरक पडतो का?

त्यांनी ४१ पेशंटचा माग आठ वर्षांपर्यंत ठेवला. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ८७ टक्के लोक तेव्हाही निदानात बसत होते. या थेरपीवाल्यांत फक्त १३ टक्के. आत्महत्येचे प्रयत्न ७४ टक्क्यांच्या तुलनेत २३ टक्के. अभ्यास छोटा आहे. आणि नोकरी, नाती यांची ओढाताण बऱ्याच जणांची उरलीच. म्हणजे जादू नाही, पण जीव वाचतात.

मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. १९९९ साली छापून आलेल्या त्यांच्या पहिल्या अभ्यासात ही थेरपी मानसोपचार विभागातल्या नर्सेसनी दिली होती. थेरपीची वेगळी पदवी नसलेल्या, पण सतत मार्गदर्शन मिळालेल्या.

म्हणून मी वर्ध्याचा विचार करतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगीच्या विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. निदानासाठी तिथून सुरुवात करता येते. थेरपीसाठी विचारा: दर आठवड्याला ठरलेली वेळ मिळेल का? तोच माणूस भेटेल का? अडचणीच्या रात्री फोन कुणाला करायचा? आर्वी-आष्टीकडून दर आठवड्याला यायचं म्हणजे बसभाडं आणि बुडालेली मजुरी. तेव्हा ऑनलाइनचंही विचारा. आणि "तुम्ही बेकार आहात" म्हणून थेरपी सोडावीशी वाटली, तर तेच वाक्य थेरपिस्टला जाऊन सांगा. खरं काम तिथूनच सुरू होतं. थेरपिस्ट खरंच वाईट वागत असेल तर मात्र बदला.

आणि मित्रांनो, आपण थेरपिस्ट नाही. पण "आत्ता मीटिंगमध्ये आहे, आठला फोन करतो" एवढं सांगून बरोबर आठला फोन करणं आपल्याला जमतं. मला तेव्हा जमलं नाही. आता रविवारी करतो.

स्वतःला संपवावं असं वाटत असेल तर टेलि-मानस १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या!