चिखलांतली निवटी

गोठ्यांतल्या वासराच्या उड्यांचें व घरच्या मांजराच्या लाडांचें कौतुक सर्वच करितात. परंतु न्हावा-शेव्याकडील खारबंदिस्तीवर उभें राहून ओहोटीच्या वेळीं ज्यानें निवटीच्या लीला पाहिल्या, तो पहिला मान तिलाच देईल असें आम्हांस वाटतें. निवटी ही जातीची मासळी. पण पाणी ओसरलें कीं पुढच्या दोन परांवर रेलून ही बाई चिखलांत चालूं लागते. डोळे थेट माथ्यावर. ते सुकूं लागले कीं खोबणींत ओढून, भिजवून पुन्हां वर काढते. कल्ल्यांत पाणी सांठवून व ओल्या कातडीनें श्वास घेऊन ती बाहेर निभावते. दोन नर समोरासमोर आले म्हणजे पाठीवरचे पर ताठ उभारतात. जणूं बांधाच्या हद्दीचा दावाच चालला आहे!

नराचा पितृधर्म तर विलक्षणच. जपानांतील एका जातीचा अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध झाला. बिळांतील पाण्यांत प्राणवायु फार थोडा, म्हणून नर तोंड भरभरून हवा आंत नेतो व अंडीं त्या हवेंत वाढतात. पिलें निघण्याची वेळ आली कीं रात्रीच्या भरतींत तीच हवा तोंडानें बाहेर काढून तो पाणी आंत येऊं देतो.

तिचें कालवण रुचकर लागतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण दप्तरांत जी भूमि लागवडीस निरुपयोगी म्हणून पडते, तीच हिची वतनवाडी. १९८९ सालीं शेवा येथें बंदर सुरू झालें. जेथें चिखलवटीवर भराव पडला, तेथील बिळें बुजलीं. तिवरांच्या कडेनें भरती-ओहोटी अजून खेळते, तेथें ती आहे. पाहावयास जाणें झाल्यास पाऊल वाजवूं नये. सावली पडली तरी सगळ्या बिळांत!