काजवा आधी जमिनीत शोधा

मे संपत आला तरी सोलापुरात पारा चाळिशीखाली उतरायला तयार नसतो. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा, ओढे कोरडे ठाक आणि भरवशाचा पाऊस अजून दूर. नेमके याच दिवसांत भंडारदऱ्याच्या काजव्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात आणि मुलं विचारतात, आपल्याकडे असं झाड का उजळत नाही?

त्याचं उत्तर मातीत आहे. काजवा हा भुंगेऱ्यांचा भाऊबंद, लॅम्पिरिडी कुळातला कीटक. जगात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. लुकलुकत उडणारा प्रौढ काजवा जगतो जेमतेम काही आठवडे, आणि कित्येक जातींत तो या काळात काही खातही नाही. त्याचं खरं आयुष्य सरतं ते अळीच्या रूपात, पालापाचोळ्याखाली, महिनोन् महिने. ही अळी पक्की शिकारी असते. गोगलगाय सरपटताना मागे जी चिकट रेघ सोडते, तिचा माग काढत अळी तिला गाठते. विळ्यासारख्या वाकड्या, आतून पोकळ जबड्यांनी चावे घेत विष सोडते. गोगलगाय लुळी पडते. मग पाचकरसाने तिचं मांस विरघळवून अळी ते शोषून घेते आणि मागे उरतो नुसता शंख.

म्हणजे काजव्याला ओल हवी, त्याच्या अळीच्या भक्ष्यालाही ओल हवी. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. भंडारदऱ्याच्या परिसरात, अकोले तालुक्यातल्या घाटघर, रतनवाडीकडे तोच काही हजार मिलिमीटर. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या या गावांभोवती सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशी जुनी झाडं आहेत. वळवाच्या सरी येऊन गेल्या की कोशातून प्रौढ बाहेर पडतात. एखाद्या सादड्याची एक फांदी उजळते, पाठोपाठ शेजारची, आणि बघता बघता सगळं झाड एका ठेक्यात उघडझाप करू लागतं. मेअखेरीपासून मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंतच हा सोहळा. नर लुकलुकत माद्यांना साद घालतात. प्रत्येक जातीची लय वेगळी, म्हणून मादी आपल्याच जातीच्या नराला उत्तर देते.

पोटाच्या टोकाशी हा उजेड होतो तो लुसिफेरिन नावाच्या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग झाल्यामुळे. लुसिफेरेज हे विकर ती क्रिया घडवून आणतं आणि ऊर्जा येते एटीपीमधून, जो आपल्याही प्रत्येक पेशीत असतो. एटीपीचा हा वाटा १९४७ मध्ये अमेरिकेत विल्यम मॅकएलरॉय यांनी दाखवला. प्रयोगासाठी काजवे लागायचे म्हणून ते बाल्टिमोरमधल्या मुलांना शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट द्यायचे! उरल्यासुरल्या अन्नात किंवा जंतूंत एटीपी असेल तर हा उजेड पडतो, म्हणून आज खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत यंत्रं नीट धुतली गेली की नाही, हे याच रसायनांनी तपासतात. या उजेडात उष्णता जवळजवळ नसतेच.

करमाळा, नगर, संगमनेर करत भंडारदऱ्याला जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. गाडीचे दिवे, मोबाइलचा फ्लॅश आणि बॅटरीचा झोत यांत काजव्यांच्या खुणा बुडून जातात आणि जोडीच जुळत नाही. जोडी जुळली नाही तर पुढच्या वर्षीची अळी कुठून येणार? बॅटरी लागलीच तर तिच्यावर लाल जिलेटिन कागद बांधा आणि पायवाट सोडून गवतात शिरू नका. कित्येक माद्या खाली गवतातच बसलेल्या असतात.

आपल्या भागासाठी मात्र मला काजव्यापेक्षा त्याची अळी मोलाची वाटते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली आणि विषारी आमिषाच्या गोळ्या शेतोशेत पडल्या. याच परदेशी, आफ्रिकन गोगलगायीला फस्त करणाऱ्या काजव्यांच्या अळ्या श्रीलंकेत आढळल्या आहेत. एवढ्या मोठ्या टोळधाडीला अळ्या एकट्या पुरतील असं मुळीच नाही. पण बांधावरचा पाला पेटवला, तणनाशकाने बांध उघडा केला, रात्रभर शेतात दिवा जळत ठेवला, तर गोगलगायीच्या शत्रूचीच घरं आपण मोडतो.

तेव्हा पाऊस लागल्यावर अंधार पडला की विहिरीकडे, कालव्याच्या ओल्या काठाला, पाटाच्या कडेला जाऊन बघा. उडणारा काजवा लुकलुकतो. अळीचा उजेड मंद, हिरवट असतो आणि बराच वेळ एका जागी टिकून राहतो. असा ठिपका दिसला तर अळी उचलू नका, डबीत घालू नका. ती जागा तेवढी लक्षात ठेवा आणि उन्हाळ्यात तिथला पाला जाळू नका.