ट्रान्सफर केसचं ऑइल गळतंय? सील आणायच्या आधी हे बघा

मागच्या वेळी बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की, "गाडीखाली झोपल्यावर एपिसोड मागे-पुढे करता येत नाही, हात ऑइलचे असतात. लिहूनच द्या." म्हणून हा घ्या लेखी एपिसोड. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले "अं... म्हणजे" काढलेत.

आजचा विषय आमच्या कोल्हारात जागोजागी दिसणारा: फोर बाय फोर गाडी रात्रभर उभी असते आणि सकाळी खाली बरोबर मधोमध तेलाचा डाग. प्रवरेचा काठ, सगळीकडे ऊस, शेतरस्त्याला चिखल. आणि इथूनच कोल्हार-घोटी रस्ता लोणी, संगमनेर, अकोल्यावरून भंडारदऱ्याच्या दिशेला जातो. म्हणजे तीच गाडी आठवडाभर चिखल तुडवते आणि पावसाळ्यातल्या रविवारी घाट चढते. जुनी विलीज घराण्यातली जीप असो नाहीतर २०२० नंतरची थार, डाग पडला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं: "सील गेलंय, बदलून टाकू."

सील गेलेलं असेलही. पण का गेलं, आणि खरंच तेच गेलंय का, हे बघितल्याशिवाय पैसे घालू नका.

ट्रान्सफर केस म्हणजे काय?

गिअरबॉक्समधून येणारी ताकद पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही चाकांच्या जोड्यांना वाटून देणारी ही पेटी. टू-एच, फोर-एच, फोर-एल असा जो छोटा लिव्हर असतो, तो हिचाच. जुन्या जीपमध्ये आत नुसते गिअर असतात, बऱ्याच नव्या गाड्यांत चेन असते. ऑइल फार नसतं, लिटर-दोन लिटरचा मामला. म्हणूनच रोजचे चार थेंबसुद्धा महागात पडतात. इंजिनसारखा ऑइलचा दिवा इथे सहसा नसतो. ऑइल संपलं हे कळतं तेव्हा बेअरिंग ओरडायला लागलेलं असतं.

हँडब्रेकची गोष्ट नीट ऐका

जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर, प्रॉपेलर शाफ्ट जोडतात तिथेच असतो. आता विचार करा, तिथलं सील गळालं तर ऑइल कुठे जाणार? थेट ब्रेकच्या लायनरवर. गाडी चढावर उभी केली, हँडब्रेक ओढला, आणि ती हळूच मागे निघाली. त्यामुळे हा "थोडंसं गळतंय, चालायचंच" म्हणण्यातला प्रकार नाही. लायनर ऑइलने भिजलं असेल तर सीलबरोबर तेही बदलायचं. धुऊन परत बसवायचं नाही.

दुसरी गोष्ट याहून धोक्याची. असल्या गाडीचा मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढून उपयोग शून्य, कारण ड्रमचा आणि चाकांचा संबंधच तुटला. गिअरमध्ये ठेवली तरी गाडी सरकू शकते. म्हणून कुठलीही गाडी असू द्या: सपाट जागा, चारही चाकांना पुढून-मागून ठोकळे. गाडी उचलली असेल तर स्टँड लावल्याशिवाय खाली जायचं नाही. नुसत्या जॅकवर अजिबात नाही.

गळती नेमकी कुठून?

आमच्या कोडिंगच्या धंद्यात एरर दिसते एका ओळीत आणि घोळ असतो भलत्याच ओळीत. इथेही तसंच. गाडी चालताना वाऱ्याने ऑइल मागे जातं, वजनाने खाली येतं. थेंब पडतो तिथे गळती असेलच असं नाही.

आधी पेटी डिझेलने धुऊन कोरडी पुसा. संशय असेल तिथे टाल्कम पावडर मारा. दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि परत बघा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा.

- फ्लोअरच्या खालच्या बाजूला गोल शिंतोडे असतील तर फिरणाऱ्या फ्लँजजवळचं, म्हणजे आउटपुटचं सील.
- दोन भागांच्या जोडावर ओलं असेल तर पॅकिंग किंवा ढिले बोल्ट.
- जुन्या जीपमधल्या स्पायसर १८ पेटीत मागच्या बाजूला इंटरमीडिएट शाफ्टचं टोक आणि त्याची लॉक प्लेट असते. तिथूनही झिरपतं. ते आउटपुट सील बदलून थांबणार नाही.
- गिअरबॉक्सचं ऑइल कमी आणि ट्रान्सफर केसचं जास्त झालंय? मग मधल्या सीलमधून एकीकडचं दुसरीकडे जातंय. म्हणून लेव्हल दोन्हीकडची बघा.

ब्रीदर: दहा मिनिटांचं काम

पेटी तापली की आतली हवा फुगते. ती बाहेर जायला वर एक छोटी वाट असते, तिला ब्रीदर म्हणतात. उसाच्या शेतातल्या चिखलाने ती बुजली की दाब सीलच्या ओठातून ऑइल बाहेर ढकलतो. सील नवं असलं तरी! उलटंही होतं. तापलेली पेटी ओढ्याच्या गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि बुडालेल्या ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर हेच झालंय, ते ताबडतोब बदला.

म्हणून सील आणायच्या आधी ब्रीदर साफ करा, लेव्हल बरोबर करा, परत चालवून बघा. कित्येकदा काम इथेच संपतं.

सील बदलायचंच असेल तर

१. आधी वरचा, ऑइल भरायचा प्लग उघडा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालचा उघडून ऑइल सोडलंत, तर गाडी जागेवरच अडकली.

२. ऑइल भांड्यात काढा आणि बघा. करड्या रंगाची बारीक लगदी चालते. चमकणारे तुकडे दिसले तर विषय सीलचा नाही, आतला आहे.

३. शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करा. तसाच परत बसला पाहिजे, नाहीतर गाडी थरथरते.

४. फ्लँज काढल्यावर सीलचा ओठ घासतो त्या जागेवर नख फिरवा. नख अडकलं, म्हणजे खाच पडलीय. तिथे नवं सीलही गळणार. फ्लँज बदला किंवा वरून रिपेअर स्लीव्ह चढवा.

५. शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय. ते तसंच ठेवून सील टिकत नाही.

६. नवं सील स्प्रिंगची बाजू ऑइलकडे ठेवून, ओठाला ऑइल लावून, त्याच मापाच्या पाइपने सगळीकडून सारखं ठोका. तिरकं गेलं की वाया गेलं.

७. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा.

८. ऑइलही मॅन्युअलमधलंच. गिअरवाल्या जुन्या पेटीला घट्ट गिअर ऑइल लागतं, चेनवाल्या बऱ्याच पेट्यांना पातळ एटीएफ. एकाच्या जागी दुसरं टाकू नका. सहसा भरायच्या भोकाच्या काठापर्यंत आलं की बास. जास्त भरलं तर तेही बाहेरच येणार.

काढलेलं ऑइल पाटात किंवा बांधावर ओतू नका. कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली एक पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी बघा. आठवड्याने लेव्हल पुन्हा तपासा. पुठ्ठा कोरडा आणि लेव्हल जागेवर असेल, तर घोटीच्या रस्त्याला लागायला हरकत नाही.