हातचा एक

बेरीज नऊच्या पुढे गेली की आपण ‘हातचा एक’ म्हणतो. हा शब्द ज्या पंतोजीने प्रथम योजला असेल त्याचे मला भारी कौतुक वाटते. हात हे मोजण्याचे पहिले साधन. आपल्या आज्या अंगठ्याने चार बोटांची पेरे मोजीत एका हातावर बारापर्यंत सहज जात आणि दूधवाल्याचा हिशेब तेवढ्यावर उरकीत. पण अंगठा पेरावर टेकतच नसेल, टेकवू जावे तर सारी मूठच आवळत असेल, तर त्या मुलाने हातचा ठेवावा कुठे?

सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांपुढे हा प्रश्न रोज उभा असतो. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा होते आणि स्नायूंवरचा ताबा बिघडतो. कुणाचे अवयव ताठरतात, कुणाचे आपोआप हलत राहतात. लंडनचे शल्यवैद्य विल्यम लिटल यांनी १८६१ साली या विकाराविषयी निबंध वाचला. पुढे कित्येक वर्षे त्याला ‘लिटलचा रोग’च म्हणत. यात काही मुलांची बुद्धीही अधू होते, पण पुष्कळांची शाबूत असते. लोक मात्र हात पाहून डोक्याची किंमत ठरवतात!

अशा एका मुलाला मी काही वर्षे संध्याकाळी गणित शिकवीत असे. पहिल्याच आठवड्यात त्याच्यापुढे आठ चिंचोके मांडले. बोट लावून मोजता मोजता त्याची गाडी दहावर गेली. मग त्याची आई एकेक चिंचोका बाजूला सारू लागली व तो नुसत्या तोंडाने मोजू लागला; बरोबर आठ! “काका, माझं बोट दोनदा आपटलं,” तो सावकाश म्हणाला. आकडे त्याला ठाऊक होते. खोटे बोलत होते ते बोट.

पण सगळेच खापर बोटावर फोडता येत नाही. सत्तेचाळीस अधिक अडतीस कागदावर मांडताना पेन्सिल दशकाच्या घरात नेण्यातच त्याचे सारे लक्ष खर्ची पडे, आणि तेवढ्यात हातचा विसरे. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००७ साली हेच दाखवून दिले. या मुलांच्या गणितातील चुकांशी, माहिती क्षणभर मनात धरून तिच्यावर काम करण्याच्या शक्तीचा निकट संबंध त्यांना आढळला. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. गणित शिकवण्यास शाळेत मिळणारा वेळ, हेही एक कारण निघाले. व्यायाम आणि उपचार यांत दिवस सरतो. कमी पडते ते गणित. आमच्या विद्यार्थ्याविषयी तर एका शाळेने ‘याला गणित नको, चित्रे रंगवू द्या’ असे सुचवले होते. रंगवायलाही हातच लागतो, हे कुणाच्या ध्यानात आले नसावे!

आम्ही जुन्या वाटेने गेलो. पाढे तोंडपाठ केले, निमकी-पावकीसुद्धा. त्यांना हात लागत नाही. अर्थात ज्यांच्या जिभेलाही हा विकार जखडतो त्यांना पाढेही अवघड. तिथे समोर चार उत्तरे मांडून नजरेने निवडायला सांगावे. लिहिण्यासाठी मोठ्या चौकटींची पाटी घेतली आणि लोहचुंबकाचे आकडे आणले. ते नुसते सरकवले की झाले. हातचा मात्र वर मांडूनच ठेवायचा, मनात बाळगायचा नाही. बोटांचा व्यायाम जरूर करावा, पण बोटे सुधारेपर्यंत गणित थांबवणे मला पटत नाही.

मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली अशा मुलांसाठी संस्था काढली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची स्वतःची मुलगी होती. त्या मुलीने, मालिनी चिब यांनी, पुढे एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. ते २०१० साली प्रसिद्ध झाले.

परीक्षेत आता लेखनिक मिळतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ताशी किमान २० मिनिटे जादा ठरवून दिली होती. निबंध सांगून लिहवणे सोपे; भागाकार सांगून लिहवणे म्हणजे कसोटी. कुठला आकडा कुठे, रेघ किती लांब, हे सारे तोंडाने सांगावे लागते. आमचा विद्यार्थी यात इतका पटाईत झाला, की वर्तुळाची स्पर्शिका काढून घेताना “अजून जरा डावीकडे, अजून जरा” करीत त्याने लेखनिकालाच घाम फोडला.