आलेखामागचे छायाचित्र

अकरावीच्या वर्गाला मी अनेक वर्षे अन्वस्त शिकवतो आहे. विद्यार्थी त्याला ‘पॅराबोला’च म्हणतात. फळ्यावर दोन अक्ष काढायचे, समीकरण लिहायचे, किमती घालून मिळालेले बिंदू जोडायचे, ही ठरलेली रीत. टाळेबंदीत वर्ग संगणकावर गेला, तेव्हा मी तीच रीत पडद्यावर नेली. पुढे आलेखाच्या कृतीत मुलांना स्वतः काढलेली छायाचित्रे चढवू दिली आणि शिकवणे बदलले. त्यात काय हाती लागले आणि मी कुठे चुकलो, ते येथे मांडतो.

साधने मोफत मिळतात. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेले ‘जिओजेब्रा’ हे त्यांतले एक. त्यात छायाचित्र आलेखाच्या मागे ठेवता येते आणि त्याचे कोपरे ठरावीक बिंदूंना बांधता येतात. मग वर आपला वक्र काढायचा आणि गुणक कमी-जास्त करत तो चित्राशी जुळवायचा.

पुस्तकातल्या उदाहरणात आरंभबिंदू आणि एकक आधीच ठरलेले असतात. स्वतःच्या चित्रात ते आपणच ठरवावे लागतात. भिंतीवर दोन खिळ्यांना साखळी टांगून तिचे छायाचित्र घ्यायला मी सांगितले होते. कुणी आरंभबिंदू डाव्या खिळ्यावर घेतला, कुणी साखळीच्या तळाशी. समीकरणे वेगळी आली, वक्र मात्र तोच. अक्ष निसर्गात नसतात, ते आपण आपल्या सोयीने आखतो, हे मी वर्षानुवर्षे बोलून दाखवत होतो. मुलांना ते त्या दिवशी कळले.

खरी गंमत पुढे झाली. खिळ्यांमधले अंतर ४० सेंटीमीटर आणि साखळीचा झोळ २८ सेंटीमीटर, असे एक चित्र होते. दोन्ही टोके आणि तळ जुळवूनही वक्र मध्ये जुळेना. मध्यापासून १० सेंटीमीटरवर अन्वस्त तळापासून ७ सेंटीमीटर वर असायला हवा. साखळी तिथे साडेपाचच्या आसपास होती. चूक मुलाची नव्हती. टांगलेल्या साखळीचा आकार जवळजवळ अन्वस्तासारखा असतो, असे गॅलिलिओनेही १६३८ मध्ये लिहिले होते. तो निराळाच वक्र आहे, हे १६९१ मध्ये हायगेन्स, लाइबनित्स आणि योहान बर्नुली यांनी दाखवून दिले. साखळीचे वजन तिच्या लांबीवर समान वाटलेले असते, म्हणून हा फरक पडतो. झुलत्या पुलाच्या दोरावरचा भार आडव्या अंतरावर जवळपास समान असतो, तिथे अन्वस्त चालतो. झोळ थोडा असेल, जसा गॅलरीत लावलेल्या दिव्यांच्या माळेला असतो, तर हा फरक डोळ्यांना दिसतही नाही. मी तयार चित्र दिले असते, तर ते नेमके जुळणारेच निवडले असते.

आता माझी चूक. सगळी छायाचित्रे एकमेकांना दिसतील, अशी सोय मी ठेवली होती. एका मुलीच्या साखळीमागे तिचे एका खोलीचे घर दिसत होते. कुणीतरी त्यावर शेरा मारला. तिने पुढच्या दोन कृती दिल्याच नाहीत. मी अन्वस्त पाहत होतो, वर्ग घर पाहत होता.

त्यानंतर चित्र चढवणे बंद करावे, असे सहकाऱ्यांनी सुचवले. मी नियम बदलले. साखळीमागे पांढरी चादर लावायची. चित्रात माणसे नकोत. चित्र आधी फक्त मला दिसेल. वर्गाला दाखवायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. छायाचित्रासोबत काही वेळा ते कुठे घेतले याचीही नोंद जाते, म्हणून फोनमधली ती सोय आधी बंद करायची. फोन नसेल, त्याने आलेख-कागदासमोर साखळी धरून बिंदू उतरवावेत, गुण तेवढेच. चादरीचा गणितालाही उपयोग झाला: कडा स्पष्ट दिसू लागल्या आणि कॅमेरा तिरपा धरला होता का, हे चादरीच्या घड्यांवरून समजू लागले. तिरप्या चित्रात वक्राचा आकारच बदलतो.

ती मुलगी तिसऱ्या कृतीला परतली. चित्राऐवजी तिने कागदावर उतरवलेले बिंदू पाठवले होते. तिचा वक्रही मध्ये दीड सेंटीमीटर चुकत होता, आणि खाली तिने विचारले होते, ‘सर, बाकीच्यांचाही इथेच चुकतो का?’