पाठीचा पोक : परीक्षा व उपचार

बीदर, भालकी, हुमनाबाद, आळंद किंवा कलबुर्गी, यांपैकी कोणत्याही पेठेचे नाव काढताच गादीवर बसून वहीवर वाकलेले आपले वडीलधारे डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यांच्या पाठीचा बाक आपण धंद्याचीच खूण मानीत आलो. परंतु प्रत्येक पोक सारखा नसतो, व हा भेद न ओळखल्याने कित्येकदा मोठी हानी होते.

पाठीच्या वरच्या भागातील बारा मणक्यांना मुळातच सुमारे २० ते ४५ अंशांचा बाक असतो. तो याहून वाढल्यास विकृती समजावी. मुलास पालथे निजवून मान व छाती उचलण्यास सांगावे. पाठ सरळ झाल्यास दोष बहुधा बसण्याच्या सवयीचा असतो. पाठीचे व्यायाम व योग्य उंचीचे मेज यांनी तो सुधारतो.

बाक तसाच राहिल्यास मणके पाचरीच्या आकाराचे झाले असण्याचा संभव असतो. डेन्मार्कचे डॉ. शॉयरमन यांनी १९२० च्या सुमारास वर्णिलेला हा विकार वयात येणाऱ्या मुलामुलींना होतो. वाढ चालू असेतो व्यायाम व कमरपट्ट्यासारखा पाठीचा आधारपट्टा उपयोगी पडतो. बाक ७० अंशांहून अधिक असून वेदना असह्य झाल्यास शस्त्रक्रियेचा विचार करतात.

सर्वांत घातक तो मणक्याचा क्षय. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ मध्ये या पोकाबरोबर येणाऱ्या पायांच्या लुळेपणाचे वर्णन केले. बारीक ताप, वजन घटणे, रात्री पाठ दुखणे व कण्यावर टोकदार उंचवटा दिसणे ही त्याची लक्षणे होत. अशा पाठीवर मालीश वा दाब मुळीच देऊ नये. सरकारी रुग्णालयांत क्षयाची औषधे विनामूल्य मिळतात. ती बहुधा नऊ महिने ते वर्षभर, काहींना त्याहूनही अधिक काळ घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत.

उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, हाडे ठिसूळ होऊन मणके दबतात व उंची घटते. दूध, तीळ, नाचणी, कोवळे ऊन व नित्य चालणे हितकर. तथापि औषध वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे.

लग्न जमेपर्यंत मुलीचा पोक पदराखाली झाकण्याची रीत मात्र सोडून द्यावी. झाकलेल्या त्या वर्षांतच उपचाराची वेळ निघून जाते. रोजमेळात चूक आढळली, तर ती सापडेपर्यंत आपण दिवा मालवीत नाही. मुलांच्या पाठीविषयीही तीच दक्षता बाळगावी, इतकीच विनंती.